सेन्सेईंच्या अंगणातली अंघोळ

माझ्या थोरल्या बहिणीनं सिंगापुरात एका जपानी बाईंच्या अंगणात उभं राहून डोक्यावरून अंघोळ केली, आणि त्याला सर्वस्वी मी जबाबदार आहे.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं वाचताना कुणाला ताईचा राग यायला नको. ताईनं जे केलं ते मी सांगितलं म्हणून केलं. आणि माझ्या बायकोला, मेधाला, जे भोगावं लागलं ते मी सांगितलं नाही म्हणून. आंग मो किओतल्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत मी गुणवत्ता विभागात आहे. एखादा भाग बिघडला की त्याचं मूळ कारण शोधायचं आणि अहवालाच्या चौकटीत लिहायचं, एवढंच माझं काम. चौकट लहान असते, कारणं लांबलचक असतात, त्यामुळं नेहमी अक्षर बारीक काढावं लागतं. त्या रविवारचा अहवाल लिहायचा म्हटलं तर मात्र चौकटीत भरपूर जागा उरेल. कारण एकाच अक्षरात संपतं: मी.

मेधा सहा वर्षांपासून जपानी चहा शिकतेय. ("चहा शिकायला सहा वर्षं?" ताईनं सांगलीहून फोनवर विचारलं होतं. "अगं, तेवढ्यात आमच्याकडं म्हैस विकत घेऊन, तिचं दूध काढून, चहा करून होतो!") मेधाला शिकवणाऱ्या बाई ऐंशीच्या आसपासच्या. उंचीनं माझ्या खांद्याला जेमतेम लागतील, पण नजर अशी की आपली चप्पल अंगठ्याजवळ झिजली आहे हे आपल्याला लगेच आठवतं. त्यांना नाव आहे, पण ते घ्यायची कुणाची छाती नाही. सगळे 'सेन्सेई' म्हणतात, म्हणजे गुरुजी. सेरंगूनच्या एका कॉन्डोत त्या तळमजल्यावर राहतात. एका खोलीत गवती चटया अंथरलेल्या, आणि खोलीबाहेर छोटंसं अंगण.

शहर बघायला आलेल्या पाहुण्यांसाठी सेन्सेई महिन्यातून एकदा 'जपानी सकाळ' ठेवायच्या. आधी पाहुण्यांनी हौगांगमधली जुनी जपानी दफनभूमी बघून यायची, मग घरी चहा. पण आता त्यांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला होता. हा चहा कुणाच्या तरी हाती सोपवायचा होता आणि त्यांची नजर मेधावर होती. फक्त एक परीक्षा बाकी होती.

"कसली परीक्षा?" मी विचारलं.

"सासरच्या माणसांना चहा द्यायचा," मेधा म्हणाली. "सेन्सेई म्हणतात, सासरच्या माणसांसमोर जिचा हात थरथरत नाही, ती जगात कुणालाही चहा पाजू शकते."

नेमके तेव्हाच ताई आणि दाजी महिनाभरासाठी आमच्याकडं आले होते. म्हणजे परीक्षेचा पेपर विमानानं घरपोच आला होता.

मेधा शहाणी आहे. तिनं मला एक कागद लिहून दिला. "हे तिन्ही मुद्दे ताईंना आजच सांग. तुझी बहीण आहे, तुझ्या तोंडून बरं पडेल." कागदावर असं होतं:

एक, आधी दफनभूमी आहे. ताईंना नको असेल तर थेट चहाला या. दोन, अंगणात दगडी डोणी आहे. तिथं फक्त हात धुवायचे आणि चूळ भरायची. ('फक्त'च्या खाली दोन रेघा.) तीन, चहा घट्ट असतो आणि सगळ्यांना मिळून एकच वाडगा, आळीपाळीनं त्याच वाडग्यातून प्यायचा. ताईंना चालणार नसेल तर मला सांग, मी सगळ्यांना वेगळा पातळ चहा करीन. सेन्सेईंची काही हरकत नाही.

बघा! सगळ्या संकटांचं उत्तर कागदावर लिहिलेलं होतं. तो कागद खिशात घालून मी चार दिवस हिंडलो.

आता ताईविषयी. माझी ताई सांगलीच्या एका शाळेत मुख्याध्यापिका होती. तिला जगात एकाच गोष्टीची शिसारी आहे: उष्टं. स्वतःच्या लग्नात तिनं दाजींच्या हातचा घास खाल्ला, तोही त्यांना आधी हात धुवायला लावून. पाणी, ताक, सरबत, सगळं ती वरून पिते, भांड्याला ओठ न लावता. चहासुद्धा! गरम चहा, वीतभर उंचीवरून, एक थेंब न सांडता. आमच्या ब्लॉकखालच्या कॉफी शॉपमध्ये एक अंकल हात लांब करून एका मगातून दुसऱ्या मगात चहा ओढतो. त्याच्या चहाची धार पाहायला टुरिस्ट थांबतात. ताईनं तोच चहा त्याच्यासमोर तसाच उंचावरून तोंडात सोडला, तेव्हा अंकलनं हातातला मग खाली ठेवला.

"वा, आंटी! यू वॉन्ट जॉब आह?"

त्याच टेबलाशी मी धीर गोळा केला. "ताई, रविवारचा तो जपानी चहा आहे ना..."

"कपात देतात का पेल्यात?"

"वाडग्यात."

"मग बरं झालं. काठ रुंद असला की धार सरळ पडते."

बोलायची वेळ हीच होती. मी टोस्टचा मोठा तुकडा तोंडात घातला आणि तो फार वेळ चावला.

रात्रीच्या जेवणाला मेधानं विचारलं, "सांगितलंस?"

"हो," मी म्हणालो. भाकरी मोडताना, तिच्याकडं न बघता.

खोटं का बोललो? सांगितलं असतं तर ताई नाही म्हणाली असती, मेधा हिरमुसली असती, आणि मध्ये मी. त्यापेक्षा वाटलं, रविवारपर्यंत काहीतरी होईल. (माझ्या आयुष्यातली बहुतेक संकटं 'काहीतरी होईल' याच वाक्यातून जन्माला आली आहेत. आमचं लग्नाचं रिसेप्शनसुद्धा.)

रविवारी मेधा सातलाच सेन्सेईंकडं गेली. जाताना दारातून वळून म्हणाली, "अकराला विस्तव बरोबर फुललेला असतो. अकरा म्हणजे अकरा. सुधीर, आज माझी सहा वर्षं तुझ्या हातात आहेत."

सहा वर्षं! मला तर घरातल्या कुंड्यासुद्धा सांभाळायला देत नाहीत.

नऊला आम्ही निघालो: मी, ताई, दाजी आणि माझी पंधरा वर्षांची मुलगी रेवा.

"कुठं चाललोय आपण?" ताईनं बसमध्ये विचारलं.

"बागेत," मी म्हणालो. "जुनी आहे. ऐतिहासिक."

हे अगदीच खोटं नव्हतं. तिथल्या पाटीवर 'पार्क' हा शब्द आहे. आणि जागा खरंच सुंदर आहे: आजूबाजूला लोकांची टुमदार घरं, मध्ये हिरवळ, बोगनवेलीचा मांडव, पाखरं. ताई आत शिरताच प्रसन्न झाली. चाफ्याची ताजी फुलं झाडाखाली पडली होती. तिनं पदराचा ओचा केला.

"देवाला झाली!" ती म्हणाली. "मेधाच्या देव्हाऱ्यात रोज ती फ्रिजमधली फुलं. देवाला सर्दी होईल."

मी लांब जाऊन एका झाडाचं खोड निरखू लागलो.

दाजी एसटीत वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, पण त्यांच्या डोक्यातला डेपो अजून चालू आहे. ते गवतातून ओळीनं उभ्या असलेल्या बुटक्या दगडांकडं बघत होते.

"सुधीरराव, हे मैलाचे दगड एवढे जवळजवळ का लावलेत? हातावर एक मैल?"

"आतोबा, नो, नो," रेवा फोनमधून मान वर करत म्हणाली. "हे ग्रेव्ह्ज आहेत. धिस इज अ सिमेट्री लाह. बाबानं सांगितलं नाही?"

ताई ओच्यात शेरभर फुलं घेऊन जागच्या जागी उभी राहिली.

"सुध्या."

पन्नाशी उलटलेल्या माणसाला या हाकेनं पुन्हा चौथीत नेऊन बसवता येतं.

"बाग म्हणालास."

"पाटीवर पार्क आहे, ताई..."

"आपल्याकडं स्मशानाला वैकुंठ म्हणतात. म्हणून तिथं विष्णू भेटतो का?"

मी पुन्हा झाडाकडं वळलो. तेवढ्यात रेवानं शाळेच्या प्रोजेक्टमधलं सांगायला सुरुवात केली. हे बुटके दगड तरुण मुलींचे आहेत. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी गरिबीपायी जपानमधून इथं आणलेल्या. घरी पैसे पाठवायच्या. परत गेल्याच नाहीत. काही दगडांवर तर नावही उरलेलं नाही.

ताईनं ओच्यातल्या फुलांकडं पाहिलं. मग तिनं विचारलं, "कुणी येतं का गं यांच्या घरचं?"

"डोन्ट थिंक सो, आत्या."

"देवाला आता ही चालायची नाहीत," ताई म्हणाली. "यांना चालतील." आणि वाकून वाकून एकेका दगडापुढं ती एकेक फूल ठेवत गेली. दाजींनी टोपी काढली. रेवानं फोन खिशात ठेवला, हे तर मी वर्षभरात पहिल्यांदा पाहिलं. त्या पाच मिनिटांत मी सगळं खरं सांगून टाकलं असतं तर ही आठवण एक सुंदर आठवण झाली असती.

शेवटचं फूल ठेवून ताईनं कंबर सरळ केली.

"चल. आता अंघोळ."

"अंघोळ?"

"स्मशानातून येऊन अंघोळ केल्याशिवाय मी कुणाच्या उंबऱ्यात पाय ठेवणार नाही. घरी चल."

"दहा बेचाळीस झाले," दाजी म्हणाले. "घरी जाऊन, अंघोळ करून परत फिरायचं म्हणजे गाडीला दीड तास उशीर."

माझ्या डोळ्यांपुढं अकराला फुललेला विस्तव आला, मग साडेबाराला विझलेला विस्तव आला, मग मेधा आली. आणि मी दुसरं पाप केलं.

"ताई, सेन्सेईंच्या अंगणात सोय आहे."

"कसली?"

"पाण्याची. दगडी डोणी आहे, काठोकाठ भरलेली. वर लांब दांड्याची बांबूची पळी. शुद्ध झाल्याशिवाय जपानी माणूस कुणाला आत घेतच नाही."

"हो?" ताईचा चेहरा उजळला. "एवढं पाळतात? मग आधी बोलायचंस की, शहाण्या!"

कागदावरचा एक शब्द मी गिळला. दोन रेघा मारलेला.

टॅक्सीत ताई सीटच्या अगदी काठावर, पदर आवरून बसली. (आपल्यामुळं टॅक्सीवाल्यालाही गाडी धुवायला लागू नये म्हणून. ताईला दुसऱ्यांचा फार विचार असतो. आमच्या घरात तो सगळा तिच्याच वाट्याला गेला.) बरोबर दहा अठ्ठावन्नला आम्ही सेन्सेईंच्या अंगणात शिरलो. दाजींच्या बुटाच्या नाडीला निरगाठ बसली होती, म्हणून मी खाली वाकलो. फार तर दोन मिनिटं वाकलो असेन. मागं पाण्याचा आवाज आला. हात धुताना जेवढा यावा त्याच्या दसपट.

मी वळून पाहिलं. ताई डोणीपाशी उभी होती, नदीवर करतात तशी, अंगावरच्या साडीसकट. सात नद्यांची नावं घेत पळी भरून डोक्यावर ओतत होती. पळी लहान होती म्हणून वेग वाढवला होता.

"ताई! फक्त हात! फक्त चूळ!"

"चुळीनं सुतक फिटतं का? सरक, अंगावर उडेल."

वरच्या बाल्कनीत एक शेजारी अंकल पाइपनं झाडांना पाणी घालत होते. त्यांनी सगळं शांतपणे पाहिलं आणि कठड्यावरून वाकून आपुलकीनं विचारलं, "आंटी, यू वॉन्ट होज?"

आणि तेवढ्यात खोलीचं सरकतं दार उघडलं.

दारात सेन्सेई. त्यांच्यामागं फिक्या निळ्या किमोनोत मेधा. ताईच्या हातात पळी, पळीत डोणीतलं शेवटचं पाणी. सेन्सेईंनी ताईकडं पाहिलं. ताईनं सेन्सेईंकडं पाहिलं. हातातलं पाणी वाया कशाला घालवायचं, म्हणून ताईनं तेही डोक्यावर ओतलं. मग ओलेत्यानं नमस्कार केला. मेधानं माझ्याकडं पाहिलं. ते कसं, ते मी लिहिणार नाही. हे लिखाण घरची माणसंही वाचतात.

"या काय करतायत?" सेन्सेईंनी इंग्रजीत विचारलं.

मी तिसरं खोटं जुळवत होतो, पण रेवा आमच्या घराण्यावर गेलेली नाही. "वुई केम फ्रॉम द सिमेट्री, सो आत्या इज बेदिंग," ती म्हणाली.

सेन्सेई तशाच आत वळल्या. झालं, मला वाटलं, सहा वर्षं पाण्यात, तीही ताईच्या डोक्यावरून! पण त्या बाहेर आल्या त्या हातात छोटी बशी घेऊन. बशीत मीठ. त्यांनी चिमूट उचलली आणि दाजींच्या खांद्यावर टाकली. मग रेवाच्या. मग माझ्या. (माझ्यावर मूठभर. हा माझा समज असू शकेल.) अंत्यविधीहून आलेल्या माणसानं मीठ टाकूनच घरात यायचं, ही त्यांची जुनी रीत. म्हणजे शुद्ध न होता दाराशी उभे होतो ते आम्ही तिघं! ताईचा सवालच नव्हता.

"बघितलंस?" ताई निथळत म्हणाली. "याला म्हणतात संस्कार."

सेन्सेईंनी तिला बदलायला स्वतःचा सुती किमोनो दिला. ताई तो गुंडाळून बाहेर आली आणि सेन्सेई पहिल्यांदाच ओरडल्या. ताईनं उजवी बाजू वर घेतली होती. मेधानं घाईघाईनं समजावलं, "ताई, डावी बाजू वर! उजवी वर घेऊन फक्त प्रेताला नेसवतात."

ताई थबकली. "म्हणजे मी परत अंघोळ करू?"

"डोणी रिकामी आहे," दाजी म्हणाले. "अकरा सतरा."

शेवटी आम्ही चटयांवर ओळीनं बसलो: पहिल्या सेन्सेई, मग ताई, मग रेवा, मग दाजी, शेवटी मी. सगळ्यांनी गुडघे मोडून, टाचांवर. दाजी रोज वज्रासन करतात, ते बसले बसस्टँडवरच्या पुतळ्यासारखे. माझे पाय मात्र चौथ्या मिनिटाला मला सोडून गेले. मेधा आली, वाकली, बसली. तिचे हात बघण्यासारखे होते. फडकं घडी होत होतं, पाणी वाफाळत होतं, आणि माझी बायको, जिला सकाळी कुकरच्या तीन शिट्ट्यांना दम नसतो, ती अशी संथ हलत होती की खोलीतला वाराही तिच्या तालानं चालला होता. सेन्सेई किंचित मान डोलावत होत्या. हात थरथरत नव्हता. सगळं जमत होतं.

मग तिनं वाडगा पुढं ठेवला.

घट्ट चहा म्हणजे किती घट्ट, याची मला कल्पना नव्हती. हिरवागार, चकचकीत, लेपासारखा. ताई पुढं झुकली आणि कुजबुजली, "सुध्या, हे प्यायचं का हाताला लावायचं? मेंदी भिजवलीय जणू."

सेन्सेईंनी वाडगा उचलला, तीन घोट घेतले, काठ नाजूकपणे पुसला आणि वाडगा ताईपुढं ठेवला.

ताईनं वाडग्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं. "बाईंनी तोंड लावलंय याला."

"पुसलाय ना, ताई."

"पुसल्यानं उष्टं जातं का रे?"

मेधाचे हात थांबले. तिला सगळं कळलं. पण सेन्सेई समोर होत्या, म्हणून ती चेहऱ्यावर मंद हसू ठेवून, माझ्याकडं वळून अदबीनं वाकली आणि मंत्र म्हणावा तशा आवाजात म्हणाली, "सुधीर, तू त्यांना सांगितलं नव्हतंस."

मीही वाकलो. "सांगणार होतो."

ती पुन्हा वाकली. "चार दिवस 'हो' म्हणत होतास."

मी आणखी खाली वाकलो. "वाटलं, काहीतरी होईल."

"घरी चल," ती म्हणाली, आणि कपाळ जवळजवळ चटईला टेकवलं.

सेन्सेई कौतुकानं बघत होत्या. यजमानीण आणि शेवटचा पाहुणा यांच्यातला हा भारतीय शिष्टाचार त्यांना फारच आवडला.

"ताई," मेधा खऱ्या मायेनं म्हणाली, "ठेवा तो वाडगा. मी वेगळा चहा करते. माझंच चुकलं, मी स्वतः सांगायला हवं होतं."

"ठेवू?" ताई म्हणाली. "सहा वर्षं शिकून तू पहिला चहा पुढं केलास, आणि तो मी परत सारू? अगं, वरून पिते की. त्यात काय!"

आणि तिनं वाडगा उचलला. तो वाडगा सेन्सेईंना त्यांच्या गुरूंनी दिलेला होता, आणि त्या गुरूंना त्यांच्या गुरूंनी. हे मला माहीत होतं. कागदाच्या मागच्या बाजूला लिहिलं होतं.

ताईनं मान मागं टाकली, तोंड उघडलं, वाडगा वीतभर वर धरून कलता केला. काही आलं नाही. आणखी कलता केला. काही नाही. चहा जागचा हलेना! सेन्सेई पुढं झुकल्या. मेधानं श्वास धरला. ताईनं वाडगा जवळजवळ पालथा केला. तेव्हा काठावर एक हिरवी जीभ दिसली. ती हळूहळू लांब झाली. लोंबली. थांबली.

ताईचा हात दगडासारखा स्थिर होता. हे आज मी शपथेवर सांगतो. तिला एकटीला सोडलं असतं तर तिनं तो गोळा बरोबर झेलला असता. पण चार दिवसांचं पाप माझ्या मानगुटीवर बसलं होतं. मला वाटलं, वाडगा पडणार! मी त्याला वाचवायला झेप घेतली.

झेप घ्यायला पाय लागतात. माझे पाय तेव्हा माझ्याजवळ नव्हते.

मी दाजींच्या आणि रेवाच्या पुढून आडवा सरपटत गेलो आणि डोकं नेमकं ताईच्या हनुवटीखाली पोचलं. मला चाळिशीतच टक्कल पडलंय. वरून, अगदी सावकाश, काहीतरी उबदार आणि जड त्याच्या मधोमध येऊन बसलं. चप्प!

"हलू नकोस!" वरून ताई ओरडली. "चटईवर सांडेल!"

मी हललो नाही. वाडगा ताईच्या हातात शाबूत होता. चटईवर एक थेंब नव्हता. सगळा चहा, चौघांच्या वाट्याचा, माझ्या डोक्यावर होता, मेंदी लावून बसल्यासारखा.

"अकरा बावन्न," दाजी म्हणाले.

"बाबा," रेवा म्हणाली, "वाय यू लाइक दॅट, हाह?"

मेधा उठली. माझ्याकडं तिनं पाहिलं नाही. आपल्या फडक्याची तिनं व्यवस्थित चौघडी केली, माझ्या कपाळाला पट्टीसारखी लावली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "बाहेर." मग परत जागेवर बसली, वाकली, आणि सगळ्यांसाठी वेगवेगळा पातळ चहा करायला घेतला. जणू मधलं काही घडलंच नव्हतं. आणि तिचा हात थरथरला नाही. दार सरकवताना मी वळून पाहिलं तर सेन्सेईंनी तोंडावर बाही धरली होती आणि त्यांचे खांदे गदगदत होते.

मी डोकं सरळ धरून अंगणात उभा राहिलो. आतून मोठ्यानं "ओऽऽ!" ऐकू आलं. (ताईनं पातळ चहा हातभर उंचावरून सोडला होता. सेन्सेईंनी तो पुन्हा करून दाखवायला लावला, असं नंतर कळलं.) मी डोणीत वाकून पाहिलं. कोरडी ठणठणीत. त्या सकाळी सगळ्यांत जास्त अंघोळीची गरज ज्याला होती, त्याच्यासाठी पळीभरही पाणी उरलं नव्हतं.

"अंकल," वरच्या बाल्कनीतून आवाज आला. "नाऊ यू वॉन्ट होज?"

मी मान डोलावली. पाणी वरून आलं. आमच्या घराण्याची रीतच आहे ती.

निघताना सेन्सेईंनी निकाल सांगितला. पुढच्या महिन्यापासून पाहुण्यांचा चहा मेधानं करायचा. ताईला त्यांनी तो सुती किमोनो कायमचा भेट दिला. सांगलीत ती आता तो घालून तुळशीला पाणी घालते, डावी बाजू वर घेऊन. मग सेन्सेई माझ्याकडं वळल्या, डोक्यावरच्या हिरव्या डागाकडं बराच वेळ पाहत राहिल्या, आणि म्हणाल्या, "हे आत नकोत."

म्हणून आता 'जपानी सकाळ' असली की मी अंगणात असतो. बादल्यांनी डोणी भरतो आणि दारात उभं राहून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला, त्यानं विचारो न विचारो, सगळं खरं सांगतो: तुम्ही दफनभूमीतून आला आहात, इथं फक्त हात आणि चूळ, आत सगळ्यांना एकच वाडगा.

अकराला पाच कमी असताना दार सरकतं. निळ्या किमोनोतली मेधा बाहेर डोकावते.

"भरलीस?"

"हो," मी म्हणतो.

मग ती अंगणात उतरते, डोणीत बोट बुडवून बघते, आणि ते ओलं निघालं तरच पाहुण्यांना आत घेते.